सुटे नट-बोल्ट आणायला जाताना

मी सुतार. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात राहतो आणि गेली २२ वर्षं गावोगावच्या नाटकांचं नेपथ्य बांधतो. जत्रा असो, रामनवमी असो, नाटक देवळासमोर होतं. दुपारी सामान टेंपोतून येतं, रात्री सेट उभा राहतो, पहाटे उतरतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावी जातो. असल्या कामात खिळे ठोकून चालत नाही, सगळं नट-बोल्टवर असतं. आमच्या संचात ८४ बोल्ट आहेत. दर हंगामात त्यातले सात-आठ हरवतात किंवा वाकतात. तेवढे सुटे आणायचे, एवढंच काम. पण या एवढ्याशा कामानं मला जो मनस्ताप दिला, तो अख्खा सेट बांधताना कधी झाला नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाटक रात्री, आणि सकाळी लक्षात आलं की लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याच्या, पायांचे चार बोल्ट कमी आहेत. दुपारी पावणेएकला दुकान गाठलं. "तीन सुताचे, चार इंची, नटासकट चार द्या," म्हटलं. सूत हे दुकानातलं इंचाचं माप. दुकानातल्या मुलानं खणात हात घातला, चार बोल्ट आणि चार नट कागदात गुंडाळून दिले. दुकान बंद व्हायची वेळ, मागे माणसं उभी. मी तसाच निघालो. बोल्ट चारही बरोबर होते. नट तीन बरोबर होते आणि चौथा १० एमएमचा होता. तो तीन सुताच्या बोल्टवर सैल सैल चढतो, तीन-चार फेऱ्यांनंतर अडतो आणि पाना लावला की आवळल्यासारखा वाटतो. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या अंकात आमची नायिका त्या लेव्हलवर चढली आणि कोपरा खाली बसला. तिचा घोटा मुरगळला, तीन आठवडे तिला नीट चालता आलं नाही. तिनं नाटक पुरं केलं. मी विंगेत उभा होतो आणि हा माझा दोष आहे हे मला त्या क्षणी कळलं होतं.

तेव्हापासून मी चार सुटे बोल्ट आणायला जातानाही एक ठरलेली पद्धत पाळतो. ती इथं लिहितो. नाटकाचा सेट असो, कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, पंप असो, पडवीतला झोपाळा असो की पावसाळ्याआधी घालायची पत्र्याची शेड, पद्धत हीच.

सूत आणि एमएम

मूळ गोंधळ इथं आहे. हार्डवेअरच्या दुकानात दोन मापं एकाच फळीवर, पुष्कळदा एकाच खणात असतात. एक इंचाचं, दुसरं मिलिमीटरचं. इंचाचं माप दुकानात सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ एमएम; त्याच्या शेजारी ६ एमएमचा बोल्ट असतो. अडीच सूत म्हणजे ७.९४ एमएम, शेजारी ८. तीन सूत ९.५२, शेजारी १०. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७, शेजारी १२.

जाडी जवळजवळ सारखी, पण आटे वेगळे. सुताच्या बोल्टचे आटे ज्या पद्धतीचे असतात ती जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ मध्ये मांडली. तिच्यात आट्याचा कोन ५५ अंश असतो आणि आटे एका इंचात मोजतात : दोन सुताला २०, अडीच सुताला १८, तीन सुताला १६, चार सुताला १२. एमएमच्या बोल्टचा कोन ६० अंश आणि मोजायचं ते एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर : ६ च्या बोल्टला १ एमएम, ८ ला सव्वा, १० ला दीड, १२ ला पावणेदोन.

यातली सगळ्यात फसवी जोडी अडीच सूत आणि ८ एमएम. जाडीत फरक फक्त ०.०६ एमएमचा, तो डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांना लागत नाही. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेऱ्या जातो आणि अडकतो. मग माणूस म्हणतो, रंग बसला असेल, गंज असेल, आणि पान्यानं जोर लावतो. आटे तिथंच संपतात. तीन सूत आणि १० ची जोडी वर सांगितलीच. ती जास्त धोक्याची, कारण तिथं अडकण्याआधी नट पुष्कळ चढलेला असतो आणि काम झालं असं वाटतं.

अर्ध्या इंचात आणखी एक भानगड आहे. अमेरिकी पद्धतीच्या अर्धा इंची बोल्टला इंचात १३ आटे असतात, आपल्या चार सुताला १२. परदेशी यंत्राचा बोल्ट गेला असेल आणि तुम्ही "अर्धा इंच" एवढंच सांगून आणलात, तर तो बसणार नाही. अशा वेळी जुना बोल्ट दुकानात न्यायलाच हवा.

माझा सल्ला असा की आपल्या एका वस्तूत एकच माप ठेवा. माझा अख्खा संच सुतात आहे, कारण मी काम सुरू केलं तेव्हा इथं कॅरेज बोल्ट, म्हणजे गोल डोक्याचे आणि चौकोनी गळ्याचे, सुतातच सहज मिळायचे. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं एमएम घ्यावं. स्कूटर, मोटर, पंप सगळं एमएममध्ये आहे, पाने तेच असतात आणि बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा आकडाही त्यातच सहज मिळतो. जे घ्याल ते घ्या, पण मिसळू नका. वरची दुर्घटना दोन मापं एकत्र आल्यानंच झाली.

नटांची माळ

हे माझं सगळ्यात उपयोगी साधन आणि ते कुणालाही अर्ध्या तासात करता येतं. जाड तारेची एक कडी घ्यायची आणि तिच्यात सहा नवे नट ओवायचे : ६, ८, १० एमएम आणि दोन, अडीच, तीन सूत. एमएमच्या नटांना लाल रंग लावायचा, सुताचे तसेच ठेवायचे. दुसऱ्या कडीत त्याच सहा मापांचे एक-एक आखूड बोल्ट, डोक्याखाली तार गुंडाळून बांधलेले. नट तपासायला बोल्टची माळ, बोल्ट तपासायला नटांची. ओवण्यापूर्वी प्रत्येक नग पिच गेजनं तपासून घ्या. पिच गेज म्हणजे दाते असलेल्या पातळ पात्यांचा जुडगा. आट्यांवर ठेवून उजेडाकडे धरला की मधे फट दिसते की नाही ते कळतं. माळेतलाच नट चुकीचा असेल तर सगळंच चुकेल.

दुकानात काउंटरवरच, पैसे देण्याआधी, प्रत्येक बोल्टवर माळेतला नट बोटांनी फिरवायचा. बोटांनीच. पाना चुकीच्या नटालाही पुढे ढकलतो. बोटं ढकलत नाहीत. आणि दोन फेऱ्यांवर थांबायचं नाही, आटे संपेपर्यंत न्यायचा. नव्या जस्ताच्या मुलाम्यावर नट किंचित जड जातो, ते ठीक आहे. पण सुरुवातीला सहज जाऊन मग एकदम जड झाला, तर तो नग बाजूला ठेवा. तसंच, नट चढवून दोन बोटांत धरून हलवा. खुळखुळत असेल तर तो आपला नव्हे.

चार बोल्ट आणि चार नट असे तपासायला चार मिनिटं लागतात. मुलगा म्हणेल, "एकूच तें, घे." म्हणजे सगळं सारखंच आहे. त्याच्यावर रागावू नका. त्यानं खण भरलेला नसतो. कुणीतरी आधी पाहिलेले, परत टाकलेले नग त्यात पडलेले असतात, आणि ते वेगळे करायला दिवसभरात कुणाला सवड नसते. पण तपासल्याशिवाय घेऊही नका.

काय सांगायचं, कोणत्या क्रमानं

"कितें जाय?" म्हणजे काय हवं, असं विचारल्यावर आपण "हा असा, एवढा," म्हणत बोटांनी माप दाखवतो. तिथंच अर्धी चूक होते. मी एकाच दमात, ठरलेल्या क्रमानं सांगतो : माप, लांबी, डोकं, आटे पूर्ण की अर्धे, धातू, नग. उदाहरणार्थ, "तीन सूत, चार इंच, कॅरेज, हाफ थ्रेड, जीआय, सहा नग, नट सहा, वायसर सहा." जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, वायसर म्हणजे नटाखालची चकती. कागदावर लिहून नेलं तर आणखी बरं. कागद घेऊन मुलगा थेट फळीकडे जातो, मधे दुसरं गिऱ्हाईक आलं तरी विसरत नाही.

लांबी मोजताना लक्षात ठेवा की षटकोनी किंवा गोल डोक्याच्या बोल्टची लांबी डोक्याच्या खालून मोजतात. ज्याचं डोकं लाकडात पूर्ण बुडतं, त्या सपाट डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात. हे माहीत नसल्यामुळे लोक एक माप कमी-जास्त आणतात.

किती लांब हवा, हे घरीच काढून ठेवायचं. माझं गणित सांगतो. दोन चौकटी एकमेकांना लागतात, प्रत्येक ३८ एमएम, म्हणजे ७६. एक वायसर, धरा २. नट ८. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसायलाच हवेत, म्हणजे आणखी ४. झाले ९०. साडेतीन इंच म्हणजे ८९, तो अपुरा. म्हणून चार इंच.

मग पाचच का आणू नये, सगळीकडे चालेल? नाही चालणार. हाफ थ्रेडच्या बोल्टला आटे फक्त शेवटाला असतात; तीन सुताच्या बोल्टला साधारण एक इंच. पाच इंची बोल्टवर नट आट्यांच्या टोकाला येऊन थांबेल आणि लाकडं सैलच राहतील. वर नट घट्ट, आत सांधा हलतोय, हे अंधारात कळत नाही. जिथं लाकडाची जाडी बदलते तिथं फुल थ्रेड मागा. उलट, जिथं बोल्टवर आडवा भार येतो आणि लाकूड त्यावर घासतं, तिथं गुळगुळीत भाग असलेला हाफ थ्रेडच हवा. आटे लाकडाला करवतीसारखे कापत राहतात आणि भोक मोठं होत जातं.

आता वेळ. आमच्या भागात दुपारी एकच्या सुमाराला शटर खाली येतं ते साडेतीन-चारला वर जातं. साडेबाराला जाऊन चार सुटे नग मागणं म्हणजे स्वतःच चुकीला आमंत्रण देणं. म्हापशाला जाणार असाल तर शुक्रवार टाळा. त्या दिवशी बाजार भरलेला असतो, गाडी लावायला जागा नसते आणि काउंटरवर दोन रांगा असतात. मी सकाळी साडेनऊ ते साडेदहाच्या मधे जातो, किंवा संध्याकाळी चारला, शटर वर गेल्या गेल्या.

डझनाच्या खाली देत नाही, किलोच्या खाली देत नाही, हे पुष्कळ ऐकावं लागतं. याचा मला फार त्रास व्हायचा. चार बोल्टांसाठी एक किलो कशाला? मग मी एकदा घरी तोलून पाहिलं. तीन सुताचे दोन इंची बोल्ट नटासकट किलोला २०-२२ जोड बसतात. जे माप मी दर वर्षी वापरतो ते किलोवर घेणं मलाच परवडतं. म्हणून नेहमीची तीन मापं हंगामाआधी, ऑक्टोबरमध्ये, वजनावर घेतो आणि क्वचित लागणारी तेवढी सुटी. दुकानदाराचीही बाजू आहे. चार नगांच्या गिऱ्हाइकाला तीन खण उघडून दाखवायचे आणि हातात पडणार थोडेसे पैसे. मी मोठी खरेदी जिथं करतो तिथंच सुटे मागतो. तिथं मला नाही म्हणत नाहीत.

किलोवर घेतलेला मालही घरी आणून तपासतो. मागच्या खेपेला एका पिशवीत दोन नट आटेच न पाडलेले निघाले, नुसतं भोक.

आणखी एक. बिल मागा आणि बिलावर माप लिहून घ्या, "बोल्ट" एवढंच नको. परत करायला गेल्यावर "हा आमचा नव्हे" हे ऐकून मी एकदा परत आलो आहे. मापासकट बिल असतं तर बोलता आलं असतं.

ज्यावर माणूस उभा राहतो तो बोल्ट

विंगेच्या चौकटी एकमेकांना धरून ठेवणारा बोल्ट आणि ज्या लेव्हलवर चार जण नाचतात तिच्या पायाचा बोल्ट, यांना मी एक मानत नाही. दुसऱ्यासाठी डोक्यावर आकडा असलेलाच बोल्ट घ्यावा. एमएमच्या चांगल्या बोल्टवर ८.८ असं उठवलेलं असतं आणि शेजारी बनवणाऱ्याची खूण. पहिला ८ म्हणजे तुटेपर्यंतची ताकद दर चौरस एमएमला ८०० न्यूटन. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, ६४० पर्यंत, तो कायमचा ताणला जात नाही. साधा ४.६ चा बोल्ट २४० लाच ताणून लांबायला लागतो. डोक्यावर काहीच नसेल तर तो साधाच समजून चाला. नटावरही ८ हा आकडा हवा. बोल्ट मजबूत आणि नट मऊ असेल तर नटाचे आटे आधी जातात.

त्या प्रसंगानंतर मी लेव्हलच्या पायांचे सगळे सांधे बदलले. माझा संच सुताचा, पण पाय आता १० एमएम, ८.८. मघाशी मिसळू नका म्हटलं ते मी मोडलं नाही. पायांचे बोल्ट लाल रंगवलेले आहेत, त्यांचा डबा वेगळा आहे आणि त्यांना १७ चा पाना लागतो. काही नव्या बोल्टांना १६ चा लागतो, म्हणून तेही घेताना बघून घ्यावं.

असे बोल्ट गावच्या दुकानात नसतात. डिचोली, थिवी, कुंडई, वेर्णा या औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या दुकानांत विचारा. तिथं कारखान्यांचं गिऱ्हाईक असतं, "आठ पॉइंट आठ" म्हटलं की पुढचं समजावावं लागत नाही.

खारा वारा

गोव्यात गंजाचा विचार केल्याशिवाय बोल्ट घेऊच नये. चकचकीत पांढरा किंवा पिवळसर मुलामा हा जस्ताचा पातळ थर असतो. घरात ठीक, पण पावसात उघड्यावर राहणाऱ्या कामाला तो फार दिवस पुरत नाही. शेडसाठी राखाडी, खडबडीत दिसणारे, वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले बोल्ट घ्या. फक्त त्यांचे नट बोल्टसकटच घ्यायचे. थर जाड असतो म्हणून त्यांच्या नटाचे आटे मोठे पाडलेले असतात; साधा नट त्यावर चढत नाही आणि त्यांचा नट साध्या बोल्टवर सैल होतो. माझ्या माळेची परीक्षा इथं लागू पडत नाही.

समुद्राजवळ घर असेल, कांदोळी, मोरजी, काणकोण, तर स्टेनलेस घ्यावं. त्यातही ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाच्या हवेत ते जास्त टिकतं. डोक्यावर ए२ असेल तर ते ३०४ च्या घरातलं, ए४ असेल तर ३१६ च्या. बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात ए४ विचारा. पुष्कळ जण खिशातून लोहचुंबक काढून तपासतात, चिकटला नाही म्हणजे चांगलं. ते पुरेसं नाही. २०२ नावाचं स्वस्त स्टेनलेसही चिकटत नाही आणि ते लवकर डागाळतं. चुंबकानं फक्त साधं लोखंड ओळखू येतं, म्हणून डोक्यावरची खूण वाचा.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर भराभर आवळला तर दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात, मग करवतच आणावी लागते. आटे ग्रीसनं माखा आणि हातानं सावकाश आवळा. त्यावर ड्रिल मशीन लावू नका.

सेटला मात्र मी स्टेनलेस वापरत नाही. नाटक संपल्यावर पहाटे आम्ही सेट उतरवतो तेव्हा दिवे काढलेले असतात, सगळे दमलेले असतात, आणि बोल्ट तांबड्या मातीत पडतात. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून मी ती जागा पुरी फिरतो. लोखंडी बोल्ट, नट, वायसर, कधी आधीच्या मंडळींचे खिळेसुद्धा त्याला चिकटून येतात. स्टेनलेसचा असता तर तिथंच राहिला असता, अनवाणी येणाऱ्यांच्या पायाखाली. मग डब्यात एकेक टाकत मोजायचं. ८४ भरले की टेंपो सुटतो. नाही भरले तर किती कमी, कोणत्या मापाचे, ते झाकणावर खडूनं लिहून ठेवतो आणि सकाळी साडेनऊला माळ घेऊन निघतो.